एकोणीस–अठरा: सर्वांत कमी गुणांच्या सामन्याचा गुणतक्ता

22 नोव्हेंबर 1950, बुधवार. अमेरिकेत दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंगची सुट्टी. मिनीआपोलिस ऑडिटोरियममध्ये बास्केटबॉलच्या सामन्याला 7,021 प्रेक्षक जमले होते. यजमान मिनीआपोलिस लेकर्स, पाहुणे फोर्ट वेन पिस्टन्स. 48 मिनिटांचा खेळ संपला तेव्हा फलकावर आकडे होते पिस्टन्स 19, लेकर्स 18. दोघांचे मिळून 37 गुण. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिच्या इतिहासात यापेक्षा कमी गुणांचा सामना आजवर झालेला नाही.

या सामन्याची नोंद बहुतेक ठिकाणी 'विक्रम' म्हणून एका ओळीत येते आणि संपते. मला ते पटत नाही. हा सामना म्हणजे एका प्रशिक्षकाने डोकं शांत ठेवून घेतलेला निर्णय, त्याला उत्तर शोधताना अडखळलेला दुसरा संघ आणि चार हंगाम चालढकल करणारी एक लीग, अशा तीन गोष्टींचं प्रकरण आहे. त्याचा मुख्य पुरावा आहे त्या रात्रीचा गुणतक्ता.  

पार्श्वभूमी

लीग तेव्हा अगदी कोवळी होती. 1 नोव्हेंबर 1946 रोजी टोरोंटोत न्यूयॉर्क निकर्बॉकर्सनी टोरोंटो हस्कीजना 68–66 असं हरवलं, तो या लीगचा पहिला सामना. तेव्हा तिचं नाव बीएए होतं. 1949च्या ऑगस्टमध्ये जुनी प्रतिस्पर्धी लीग एनबीएल तिच्यात विलीन झाली आणि एनबीए हे नाव आलं. लेकर्स आणि पिस्टन्स हे दोन्ही संघ मूळचे एनबीएलचे, 1948मध्ये इकडे आलेले. फोर्ट वेन हे इंडियानातलं गाव. संघाचे मालक फ्रेड झोल्नर यांचा इंजिनाचे पिस्टन बनवण्याचा कारखाना होता, संघाचं नाव त्यावरूनच पडलं. हाच संघ 1957मध्ये डेट्रॉइटला गेला. लेकर्स 1960मध्ये लॉस एंजेलिसला गेले.

लेकर्सकडे जॉर्ज मायकन होता. सहा फूट दहा इंच उंची, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा, दोन्ही हातांनी सारखाच सफाईदार हुक शॉट, म्हणजे डोक्यावरून हात वळवून मारलेला चेंडू. 1949 आणि 1950 या दोन्ही वर्षी लेकर्स विजेते होते. मदतीला जिम पोलार्ड, व्हर्न मिकेलसन, स्लेटर मार्टिन. प्रशिक्षक जॉन कुंडला. घरच्या मैदानावर हा संघ सलग 29 सामने जिंकून त्या रात्री उतरला होता.

मायकन किती जड जात होता याची कल्पना नियमांवरून येते. रिंगखालचा पट्टा, ज्याला आपली मुलं 'डी' म्हणतात, तेव्हा फक्त सहा फूट रुंद होता. मायकन त्याच्या कडेला उभा राहिला की रिंग हाताच्या अंतरावर. त्याला जरा लांब ढकलावं म्हणून पुढच्याच, म्हणजे 1951–52च्या हंगामापासून लीगने तो पट्टा बारा फुटांचा केला. आपलं मोजमाप एका माणसासाठी बदलायला लीग तयार झाली, इतकं त्याचं वजन होतं.

अडचण

पिस्टन्सचे प्रशिक्षक मरे मेंडनहॉल यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. नेहमीचा खेळ खेळलो तर काय होईल हे माहीत होतं. लेकर्स घरी हरत नव्हते. आपण जितक्या वेळा शॉट मारू, तितक्या वेळा रिबाउंड (हुकून रिंगवरून परत आलेला चेंडू) किंवा बास्केटनंतर चेंडू त्यांच्याकडे जाणार, आणि त्यांच्याकडे गेला की मायकनकडे जाणार.

नियमपुस्तकात तेव्हा एक मोठी मोकळीक होती. चेंडू हातात आल्यावर किती वेळात शॉट मारायचा याला काहीच मर्यादा नव्हती. मधली रेषा ओलांडायला दहा सेकंद मिळत. एकदा पलीकडे गेलं की हवा तितका वेळ चेंडू एकमेकांत फिरवत राहा, कुणी अडवणार नाही. आघाडीवरचा संघ शेवटच्या काही मिनिटांत हे सर्रास करायचा. त्यात विशेष काही नव्हतं. मेंडनहॉल यांनी ते पहिल्या मिनिटापासून करायचं ठरवलं, हे मात्र नवीन होतं.

पाहुण्यांपुढचे पर्याय

पहिला पर्याय, सरळ खेळायचं. त्यात मान राहतो आणि बहुधा हारही होते.

दुसरा, मायकनवर दोन-दोन माणसं लावायची. बचावात हे जवळजवळ प्रत्येक संघ करत होता. पण दोघं मायकनला चिकटले की पोलार्ड किंवा मिकेलसन मोकळा सुटतो. शिवाय धडपडीत फाऊल वाढतात आणि फ्री थ्रो, म्हणजे फाऊलच्या बदल्यात मिळणारे एकेका गुणाचे मोकळे शॉट, पुन्हा मायकनलाच मिळतात.

तिसरा, चेंडूच द्यायचा नाही. मायकन कितीही मोठा असला तरी हातात चेंडू नसताना त्याला गुण करता येत नाहीत. सामन्यातल्या संधींची संख्याच कमी केली की दुबळ्या संघाचं नशीब उघडण्याची शक्यता वाढते. शंभर वेळा नाणं उडवलं तर चांगल्या नाण्याचा गुण दिसून येतो. चार-पाच वेळाच उडवलं तर ते कुणाच्याही बाजूने पडू शकतं. मेंडनहॉल यांनी हे गणित कागदावर मांडलं असेल असं नाही, पण मांडणी नेमकी हीच होती.

त्यांनी तिसरा पर्याय निवडला. मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. तो नियमात बसत होता, त्यामागे विचार होता आणि आपल्या संघाला जिंकण्याची खरी संधी देणारा तोच एक रस्ता होता. त्याची किंमत तिकीट काढून आलेल्या लोकांनी मोजली, हा मुद्दा वेगळा, आणि तो प्रशिक्षकापेक्षा लीगने सोडवायला हवा होता.

मैदानावर काय झालं

पिस्टन्सचे खेळाडू चेंडू घेऊन मधल्या रेषेजवळ उभे राहिले. बाउन्स, पास, पुन्हा बाउन्स. लेकर्स आपल्या रिंगजवळ वाट पाहत राहिले.

इथे पहिला निर्णयबिंदू कुंडला यांच्यापुढे आला. बचाव वर आणून चेंडूवर धाव घ्यायची का? घेतली तर मायकनला रिंगपासून लांब आणावं लागतं. तो उंच होता, पण चेंडू खेळवणाऱ्या चपळ गार्डच्या मागे मैदानभर पळण्यासाठी घडलेला नव्हता. नाही घेतली तर समोरचा संघ घड्याळ खात राहतो. आघाडी असेल तर थांबणं परवडतं, आणि लेकर्सकडे बराच वेळ आघाडी होती. पहिल्या क्वार्टरनंतर, म्हणजे बारा मिनिटांनी, पिस्टन्स 8–7 ने पुढे होते. मध्यंतराला लेकर्स 13–11. तिसऱ्या क्वार्टरनंतर लेकर्स 17–16. दर वेळी एक-दोन गुणांचाच फरक, त्यामुळे आपली वेळ येईलच असं लेकर्सना वाटत राहिलं असणार.

प्रेक्षक चिडले. हुर्यो उडवली, पाय आपटले. काहींनी बसल्या जागी वर्तमानपत्रं वाचायला घेतली.

चौथ्या क्वार्टरमध्ये बारा मिनिटांत लेकर्सना एक गुण मिळाला. फक्त एक. पिस्टन्सना तीन. दोन्ही संघांचे मिळून एका क्वार्टरमध्ये चार गुण, हाही आजवरचा नीचांक. 18–17 अशा एका गुणाच्या पिछाडीवर असताना पिस्टन्सनी चेंडू शेवटच्या काही सेकंदांपर्यंत हातातच ठेवला. मग तो आत लॅरी फाउस्टकडे गेला. फाउस्ट सहा फूट नऊ इंचांचा, आणि लीगमधला हा त्याचा पहिलाच हंगाम. त्याने मायकनच्या हातावरून शॉट मारला, चेंडू आत गेला. 19–18. लेकर्सना उत्तर देता आलं नाही.

गुणतक्ता जवळून

आता तक्ता समोर ठेवू, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

लेकर्सच्या बाजूला मायकनची ओळ: 11 शॉटपैकी 4 बास्केट, 11 फ्री थ्रोपैकी 7, एकूण 15 गुण. त्याच्या खाली-वर बाकीच्यांच्या ओळी पाहा, बास्केटच्या रकान्यात शून्याखाली शून्य. लेकर्सची चारही बास्केट एकट्या मायकनची. पोलार्ड, मिकेलसन, मार्टिन अशा नामवंत खेळाडूंच्या संघाला 48 मिनिटांत मायकनखेरीज एकही बास्केट करता आली नाही. बाकी सगळ्यांनी मिळून जमवलेले तीन गुण फ्री थ्रोचे.

पिस्टन्सकडे चित्र उलटं. चारच बास्केट, पण गुण वाटून आलेले. सर्वाधिक गुण जॉन ओल्डहॅमचे, तेही अवघे 5.

दोन्ही संघांची मिळून 8 बास्केट, म्हणजे 16 गुण. उरलेले 21 गुण फ्री थ्रोचे. बास्केटबॉलच्या सामन्यात निम्म्याहून अधिक गुण घड्याळ थांबलेलं असताना, कुणी अडवायला नसताना झाले.

शॉट किती? पिस्टन्सचे 13, लेकर्सचे 18, एकूण 31. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2,880 सेकंदांचा. भागाकार केला तर सरासरी 93 सेकंदांना एक शॉट. घड्याळ समोर ठेवून 93 सेकंद नुसते बसून बघा, म्हणजे ऑडिटोरियममधल्या 7,021 माणसांनी काय सोसलं ते कळेल.

नुसत्या आकड्यांवर विसंबणाऱ्याची फसगत इथे होते, म्हणून जरा थांबतो. मायकनची त्या हंगामाची सरासरी 28.4 गुणांची होती, लीगमध्ये सर्वाधिक. हंगामाच्या यादीत 22 नोव्हेंबरपुढे 15 हा आकडा दिसला की वाचणारा म्हणणार, 'आज मायकनचा दिवस नव्हता.' खरं तर संघाच्या 18 पैकी 15, म्हणजे शंभरातले त्र्याऐंशी गुण त्याचे होते. दोन्ही संघांच्या एकूण गुणांतलेही चाळीस टक्के त्याचे. संधींची संख्या माहीत नसेल तर 15 हा आकडा खोटं बोलतो. एखाद्या फलंदाजाच्या 20 धावा संघ 45त गुंडाळला गेला तेव्हाच्या आहेत की 400 झाले तेव्हाच्या, हे न विचारता त्याला नापास करण्यासारखं आहे हे.

तरीही मायकनच्या त्या चार हुकलेल्या फ्री थ्रोंकडे नजर जातेच. सामना एका गुणाने गेला. एरवी कुणी मोजलीही नसती अशी चुकलेली फ्री थ्रो, संधी इतक्या कमी झाल्या की एकेक डोंगराएवढी झाली. चेंडू दाबून ठेवण्याच्या डावपेचाचं बळ नेमकं इथे होतं. त्याने मायकनला रोखलं नाही. मायकनच्या प्रत्येक चुकीचं मोल मात्र कित्येक पटींनी वाढवलं.

तक्त्यात जे नाही तेही सांगायला हवं. त्या काळी नोंद व्हायची ती बास्केट, फ्री थ्रो, असिस्ट (बास्केटआधीचा पास), फाऊल यांची. लीगने रिबाउंड मोजायला सुरुवात केली ती याच 1950–51च्या हंगामात. खेळलेली मिनिटं पुढच्या हंगामापासून आली. स्टील (हिसकावलेला चेंडू) आणि ब्लॉक (अडवलेला शॉट) थेट 1973–74 मध्ये. कोणत्या संघाने चेंडू किती सेकंद हातात ठेवला याचा रकाना तर नव्हताच. त्या रात्री घडलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे काहीही न घडणं, आणि ते टिपायला स्कोअररच्या कागदावर जागाच नव्हती. 13 आणि 18 या शॉटच्या आकड्यांवरून ते उलटं ताडावं लागतं.

लीगपुढचे पर्याय आणि निर्णय

दुसरा मोठा निर्णयबिंदू लीगचे अध्यक्ष मॉरिस पोडोलॉफ यांच्यापुढे होता. काहीच न करणं शक्य नव्हतं, वर्तमानपत्रांनी सामन्यावर झोड उठवली होती. नियम बदलता आला असता. पण हंगाम चालू होता, आणि वेळेची मर्यादा नेमकी किती, ती मोजायची कुणी, चुकलं तर शिक्षा काय, या प्रश्नांची उत्तरं कुणाकडेच तयार नव्हती. म्हणून मधला रस्ता निवडला गेला: पुन्हा असा प्रकार करायचा नाही, अशी संघांमध्ये तोंडी समजूत.

तोंडी समजूत किती दिवस टिकणार? 6 जानेवारी 1951 रोजी, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, इंडियानापोलिस ऑलिंपियन्स आणि रॉचेस्टर रॉयल्स यांचा सामना सहा ओव्हरटाइमपर्यंत, म्हणजे बरोबरीनंतरच्या सहा जादा डावांपर्यंत गेला. 78 मिनिटं खेळून निकाल 75–73. ओव्हरटाइममध्ये संघ एका शेवटच्या शॉटची वाट पाहत चेंडू धरून उभे राहत होते. नियम मोडला असं कुणी म्हणू शकत नव्हतं, कारण नियमच नव्हता.

दुसरं दुखणं फाऊलचं. समोरचा चेंडू दाबून बसला तर तो मिळवण्याचा एकच खात्रीचा उपाय उरतो, फाऊल करायचा. 21 मार्च 1953च्या बोस्टन–सिरॅक्यूज प्लेऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) सामन्यात, चार ओव्हरटाइमनंतर बोस्टन 111–105 ने जिंकलं. बॉब कूझीचे त्यात 50 गुण होते, आणि त्यातले 30 फ्री थ्रोचे. तक्त्यात 50 हा आकडा डोळे दिपवतो. पण माणूस बास्केटपेक्षा फ्री थ्रो लाइनवरच जास्त काळ उभा होता.

निकाल

उपाय आला 1954मध्ये. सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन, बोलिंग अॅली चालवणारे, आणि त्यांचे व्यवस्थापक लिओ फेरिस यांनी ज्या सामन्यांत मजा आली होती, त्यांचे गुणतक्ते पाहिले. ना वेळकाढूपणा, ना नुसती पळापळ, अशा सामन्यांत प्रत्येक संघ साधारण 60 शॉट मारत होता. दोन्ही मिळून 120. 2,880 सेकंद भागिले 120, उत्तर 24. शॉट मारायला 24 सेकंद. ऑगस्टमध्ये सिरॅक्यूजमधल्या एका शाळेच्या जिममध्ये सराव सामना खेळवून हे तपासलं, आणि त्याच हंगामापासून नियम लागू झाला. संघाच्या फाऊलवर मर्यादाही तेव्हाच आली.

मला या प्रकरणातली सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. ज्या कागदाला 1950चा आजार पुरता टिपता आला नव्हता, त्याच कागदातून चार वर्षांनी औषधाची मात्रा काढली गेली. कुणी तरी वाईट सामन्याचा तक्ता बाजूला सारून चांगल्या सामन्यांचे तक्ते उघडले, एवढाच फरक.

परिणाम ताबडतोब दिसला. प्रत्येक संघाची सामन्यामागची सरासरी 1953–54 मध्ये 79.5 होती, ती 1954–55 मध्ये 93.1 झाली. 24 सेकंदांचं घड्याळ आल्यानंतरचा सर्वांत कमी गुणांचा सामना म्हणजे 27 फेब्रुवारी 1955चा बोस्टन–मिलवॉकी, 62–57. म्हणजे नवा नीचांकसुद्धा 119 गुणांचा, जुन्याच्या तिपटीहून जास्त.

त्या पहिल्याच हंगामाच्या अंतिम फेरीत बियासोन यांच्या सिरॅक्यूजसमोर आले फोर्ट वेन पिस्टन्स. सात सामन्यांची झुंज झाली, सातवा सामना 92–91. पिस्टन्स एका गुणाने हरले, आणि त्यांच्याकडून फाउस्ट अजून खेळत होता.

वेगळं काय करता आलं असतं

कुंडला यांच्या जागी बसून विचार केला तर तिसऱ्या क्वार्टरचा शेवट खटकतो. 17–16 अशी आघाडी, बारा मिनिटं बाकी. तिथून पुढे बचाव मधल्या रेषेपर्यंत आणण्यात धोका होता, पण रिंगजवळ थांबण्यातही होता, फक्त तो हळूहळू वाढणारा असल्याने दिसत नव्हता. मार्टिनसारखा चपळ गार्ड हाताशी होता. मायकनला मागे ठेवून बाकी चौघांनी पुढे जाऊन दबाव टाकला असता तर काही चेंडू नक्की सुटले असते, काही फाऊलही पडले असते. एका गुणाच्या आघाडीत स्वस्थ उभं राहणं म्हणजे शेवटचा शॉट समोरच्याला देणं, आणि झालं तसंच.

मेंडनहॉल यांच्याबाबतीत मला बदल सुचत नाही. पण हा डाव दर आठवड्याला खेळता आला नसता, कारण गेटवरचा गल्ला त्यांच्याही संघाला लागत होता. एका रात्रीपुरताच तो योग्य होता.

लीगने मात्र चार हंगाम घालवले. त्या रात्रीच्या तक्त्यात 31 शॉट होते, साध्या चांगल्या सामन्याच्या तक्त्यात 120. भागाकार 1950च्या डिसेंबरमध्येही करता आला असता. आपल्याकडच्या व्यावसायिक कबड्डीत सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी 'डू ऑर डाय' करण्यामागे हाच विचार आहे: खेळाडूच्या सद्भावनेवर सोडू नका, रेंगाळणं महाग करा. पोडोलॉफ यांनी निदान स्कोअररना चेंडू ताब्यात असण्याची वेळ टिपायला सांगितलं असतं, तरी पुढच्या हंगामाच्या बैठकीत मतांऐवजी आकड्यांवर बोलणं झालं असतं.

मायकनच्या वाट्याला हे घड्याळ उशिराच आलं. ते लागू होण्याआधी, 1954मध्ये, तो निवृत्त झाला. 1955–56 मध्ये परतून 37 सामने खेळला, तेव्हा त्याची सरासरी होती 10.5.